मागच्या दाराची किल्ली

रविवार, ७ जानेवारी

टीव्ही सकाळपासून चालू. बंद करा म्हटलं तर ऐकत नाहीत. वीज काय फुकट येते? पण आज मीही दोनदाच म्हटलं. तिसऱ्यांदा तोंड उघडवेना.

राजधानीतल्या नाट्यगृहाला काल दुपारी आग लागली. शाळांचा बक्षीस समारंभ होता. काल चाळीस म्हणत होते, सकाळी एकशे दहा, आता एकशे सत्त्याऐंशी. बहुतेक सगळी मुलंच. आकडा वाढत जातो आणि आपण बघत बसतो — देवा, कुठे होतास रे तू! (हे खोडणार होते. नको, राहू दे. त्यालाही कळू दे.)

मागचं दार बंद होतं म्हणे. पासाशिवाय कुणी आत शिरू नये म्हणून साखळी आणि कुलूप. मुलं त्या दारापाशीच सापडली. एकावर एक.

ते कुलूप टीव्हीवर दाखवलं. काळंठिक्कर, पण बंद. जसंच्या तसं बंद! हे उठले आणि पडद्याला नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन उभे राहिले. 'अहो, आम्हाला दिसत नाही,' म्हटलं. आम्हाला म्हणजे मला. लेक सासरी गेल्यापासून दुसरं आहे कोण घरात! हलले नाहीत.

जेवलेही नाहीत. पस्तीस वर्षं कुलपंच विकली, कुलपंच बसवली या माणसाने. एका कुलपाकडे एवढं काय बघायचं?

बुधवार, १० जानेवारी

दुखवट्याचा तिसरा दिवस. सगळीकडे झेंडे अर्ध्यावर.

प्रार्थनेच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. शंभरेक बायका, कडेवर लेकरं. गेलेल्या प्रत्येक जिवामागे एक असे एकशे सत्त्याऐंशी दिवे लावायचं चाललं होतं. मी म्हटलं, तेलाचा विचार करा, एकच मोठा लावू, देवाला मोजता येतं. तरी कुणी कुणी आपापल्या मेणबत्त्या आणल्याच होत्या. सतरंजीवर मेण सांडलं. ते खरवडायला कोण? मीच.

हॉलमधलं सामान सगळं माझ्या ताब्यात असतं. सहा वर्षांपूर्वी दोन पंखे चोरीला गेले तेव्हा मीच हट्ट धरला आणि मागच्या दाराला आतून कुलूप घालायला लावलं. ह्यांच्याच दुकानातलं, सगळ्यात दणकट. किल्ली एकच, ती माझ्या जुडग्यात. तेव्हापासून सुतळीचा तोडासुद्धा गेलेला नाही. दर रविवारी किल्ली राखेने घासून देवापुढे ठेवते. आरसा दिसतो तिच्यात. आज सगळ्यांदेखत प्रार्थना मंडळाचे प्रमुख म्हणाले, 'बाई आहेत म्हणून हॉल आहे.' घरी येऊन ह्यांना सांगितलं. नुसतं 'हं' म्हणाले आणि बाहेर गेले.

दुसरा नवरा असता तर कौतुक केलं असतं.

शुक्रवार, १२ जानेवारी

शेजारच्या गाळ्यातला घड्याळवाला बाजारात भेटला. 'वहिनी, दादांना बरं नाही का? मंगळवारी तीनला शटर ओढलं, आजही ओढलं.'

मी हसून म्हटलं, 'हो, जरा डोकं धरतं त्यांचं.' नवऱ्याची लाज झाकायला खोटं बोलले. देवा, माफ कर.

घरी साडेसहाला आले, रोजच्यासारखे. 'गिऱ्हाईक होतं का आज?' — 'होतं की.' डोळ्यांत न बघता!

तीन ते साडेसहा. म्हणजे साडेतीन तास. लिहून ठेवते.

रविवार, १४ जानेवारी

न्हाणीघरातला टॉवेलचा दांडा नाही. भिंतीला चार भोकं तेवढी राहिली. चांगला लोखंडी नळीचा दांडा, गंजू नये म्हणून मी स्वतःच्या हाताने हिरवा रंग दिलेला. उरलेला रंग, वाया कशाला घालवायचा म्हणून.

'अहो, दांडा कुठे गेला?'

'ढिला झाला होता. दुकानात नेलाय.'

ढिला? कालच त्याला धरून मी उठले!

मंगळवार, १६ जानेवारी

आज जे ऐकलं ते लिहावं की नाही!

हे दुपारचं जेवायला आले आणि फोन इथेच विसरून गेले. वाजला. मी उचलला, तोंड उघडायच्या आतच पलीकडून बाई बोलायला लागली. गोड आवाज, पण हुकमी. 'अहो, आज तीनलाच या. आणि मागच्या दारानेच या, पुढचा रखवालदार फार चौकशा करतो. मुली वाट बघताहेत.'

मी फोन ठेवून दिला.

मुली? कुठल्या मुली?!

दहा मिनिटांनी धापा टाकत परत आले. फोन घेतला. 'कुणाचा आला होता का?'

'नाही,' मी म्हटलं. तुम्हीच एकटे खोटं बोलू शकता की काय!

बुधवार, १७ जानेवारी

राहवलं नाही. वन्संना सांगितलं. सांगायला नको होतं. सख्ख्या भावाची बाजू घेईल असं वाटलं होतं, तर ही बया पाय पसरून बसली, चहाचे दोन कप झाले, वर बिस्किटं.

'वहिनी, साठी आली की पुरुषांना नवे पाय फुटतात. आमच्या ह्यांनाही फुटले होते.'

'मग?'

'मग काय, संधिवात झाला. देवाची कृपा!'

हसू आलं, पण गेल्यावर रडूही आलं. एकतीस वर्षं झाली. ह्या माणसाने मला कधी फूल आणलं नाही, पण कधी खोटंही बोलला नव्हता. फुलांचं काही नाही, आपण तो खर्च करूही दिला नसता. दुसरं मात्र माझं होतं. ते कुणाला द्यायचं नव्हतं.

शुक्रवार, १९ जानेवारी

तीनला शटर बंद. साडेसहाला घरी. शर्टावर लोखंडाचा कीस, गुडघ्याला धूळ. बाईकडे जाणारा माणूस गुडघे मळवून येतो का?

मग दुसरीच पाल चुकचुकली. ही पहिलीपेक्षा वाईट.

तीन वर्षांपूर्वी हे राजधानीत दहा दिवस कामाला गेले होते. 'मोठं काम आहे, दारं बसवायचीत.' कसली दारं, कुठली दारं — मी विचारलंच नाही. मी फक्त विचारलं, परतीचं तिकीट ते लोक देणार ना?

त्या दिवशी टीव्हीपुढे उभे होते ते आठवलं. नाक टेकेल इतके जवळ. आपण केलेली वस्तू माणूस असाच बघतो.

देवा, बाई असू दे. बाईच असू दे!

मंगळवार, २३ जानेवारी

घड्याळवाला पुन्हा. मुद्दाम थांबवून म्हणाला, 'वहिनी, दादा हल्ली कुलपं विकतात की प्रवचन देतात? लग्नाच्या कार्यालयाचा माणूस दहा मोठी कुलपं घ्यायला आला होता. दादांनी विचारलं, किती दारांना? तो म्हणाला, पुढचं सोडून सगळ्यांना. परत पाठवला हो! रोकडा गिऱ्हाईक!'

दहा कुलपं. परत पाठवला.

हे पूर्वीही गिऱ्हाइकाला उपदेश करायचेच. पण तो एवढाच — 'महिन्यातून एकदा किल्ली फिरवा, वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या. न फिरवलेलं कुलूप म्हणजे भिंत.' मी म्हणायची, एवढा थेंब थेंब तेल लोकांना शिकवता, घरात तेल कोण आणतं? पण विकत तरी होते.

आज जुन्या खाटेची नळी गेली. देवाच्या पडद्याचा दांडा तेवढा जागेवर आहे. त्याला हात लावला असता तर मी बघून घेतलं असतं!

माळ्यावर चढले. खाटेचा सांगाडा बघायला चढले होते, तो एका कोपऱ्यात पोतं. जड. सोडून बघितलं — कुलपं! सगळी वापरलेली. काही गंजलेली, काहींची कडी करवतीने कापलेली. दोनदा मोजली. सतरा.

कापलेली कुलपं माणूस घरात कशाला लपवतो? चोरच लपवतो.

गुरुवार, २५ जानेवारी

माळ ओढते तर नावाऐवजी आकडाच येतो. सतरा. सतरा. एकशे सत्त्याऐंशी.

शुक्रवार, २६ जानेवारी

लेकीचा फोन. 'आई, आवाज का असा?' म्हटलं, सर्दी. 'बाबा?' म्हटलं, मजेत. काय सांगू पोरीला — तुझा बाप बाईकडे जातो, नाहीतर चोऱ्या करतो, नाहीतर त्याहून वाईट?

तिन्हींपैकी कुठलंही एक निघालं तरी चालेल, असं वाटायला लागलंय. फक्त हे अधांतरी नको.

मंगळवार, ३० जानेवारी

मागावर गेले. ह्या वयात! वन्संची शाल मागून आणली, डोक्यावरून घेतली. घड्याळवाल्याने ओळखलंच — 'वहिनी, ऊन आहे हो!' त्याच्याकडे बघितलंही नाही.

पुढे हे, खांद्याला हत्यारांची पिशवी, काखेत नळी. मागे मी. दोन चौक, मग चढाची गल्ली, मग उंच भिंतीची इमारत. पाटी वाचली. अनाथ मुलींचं वसतिगृह. हे पुढच्या फाटकाने गेले नाहीत. बाजूच्या बोळातून मागे गेले. मीही गेले. बोळाच्या तोंडाशी कचऱ्याचा डबा होता, त्याच्याआड उभी राहिले. वास! पण हलले नाही.

मागचं दार. हे गुडघ्यांवर बसलेले. शेजारी एक जाडजूड, चष्मा घातलेली बाई, पन्नाशीची, हातात स्क्रूंची वाटी धरून. वॉर्डनबाई. आवाजावरून ओळखली — 'अहो, हा स्क्रू आखूड आहे, दुसरा घ्या!' हाच तो हुकूम.

ह्यांनी दाराच्या आतल्या बाजूला आडवा दांडा बसवला. तो नुसता ढकलला की खटका उठतो आणि दार बाहेर उघडतं. किल्ली नको, कडी नको. बाहेरून मात्र कुणाला आत येता येत नाही. हे असलं काही ह्यांना येतं, हेच मला माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं उघडू नये अशीच कामं केली की!

मग दार लावून घेतलं. आत मुलींची रांग असावी, कुजबुज ऐकू येत होती. हे बाहेर, बोळात. आत वॉर्डनबाई. ह्यांनी ओरडून सांगितलं, 'एकेकीने. ढकल!'

दार धाडकन उघडलं, एक दांडगी पोरगी बाहेर पडता पडता वाचली. हशा. पुन्हा लावलं. 'ढकल!' दुसरी. असं करत करत प्रत्येकीला ढकलायला लावलं. मी मोजल्या, तेवीस. शेवटची पाच वर्षांची असेल. तिच्याने उघडेना. वॉर्डनबाई म्हणाल्या, 'राहू द्या, मोठ्या आहेत ना बरोबर.'

हे म्हणाले, 'नाही बाई. हिच्याने उघडलं तरच ते दार.'

पुन्हा गुडघ्यांवर बसले. खटका काढला, कानस मारली, तेल सोडलं, पुन्हा बसवला. तीनदा. तिसऱ्यांदा त्या चिमुरडीने दोन्ही तळवे टेकले, गाल फुगवले — आणि उघडलं! ती ह्यांच्या अंगावरच आली. ह्यांनी तिला धरलं आणि तोंड फिरवलं. माझ्या बाजूला फिरवलं, म्हणून मला दिसलं. रडत होते.

दांड्यावर ऊन पडलं होतं. हिरवा रंग. माझाच टॉवेलचा दांडा.

घरी आले ती तशीच. शाल परत करायलाही गेले नाही.

बुधवार, ३१ जानेवारी

बाई नाही. चोरी नाही. मग जीव भांड्यात पडायला हवा ना? नाही पडला.

मला का नाही सांगितलं? मी काय नको म्हटलं असतं? (दांड्याला म्हटलं असतं. पण तेवढंच.) त्या वॉर्डनबाईला माहीत, तेवीस पोरींना माहीत. बायकोपासून लपवायचं असं काय होतं त्यात?

आणि राजधानीतले ते दहा दिवस? ते अजून आहेतच.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

ह्यांच्या चष्म्याच्या डबीत चौघडी घातलेला कागद सापडला. शोधला नाही. बरं, शोधला.

ह्यांच्या बारीक अक्षरात यादी. शाळा, मागचं दार, झालं. दवाखाना, जिन्याखालचं दार, झालं. शिवणाचा कारखाना, दोन दारं, मालक ऐकत नाही, पुन्हा जाणे. झालं. वसतिगृह, झालं. अशा अठरा ओळी.

एकोणिसावी — प्रार्थनेचा हॉल, मागचं दार. त्यापुढे 'झालं' नाही. त्यापुढे लिहिलंय, 'हिला कसं सांगू?'

तारखा घातल्यात. दहा जानेवारी. एकवीस जानेवारी. एकतीस जानेवारी. तिन्हीपुढे तेच. हिला कसं सांगू. हिला कसं सांगू.

म्हणजे सगळा महिना मी ह्यांच्यावर पाळत ठेवली आणि हे मला घाबरत होते. मला!

शनिवार, ३ फेब्रुवारी

कागद ताटाशेजारी ठेवला. बघितला, घास खाली ठेवला.

'पाठीमागे आलीस ना मंगळवारी? कचऱ्याच्या डब्याला शाल गुंडाळून कोण उभं राहतं?'

म्हणजे बघितलं होतं! तरी गप्प.

आधी मनात सलत होतं ते विचारलं. 'ते नाट्यगृहाचं कुलूप तुमचं होतं?'

कागदाची घडी घातली. मग म्हणाले, 'नाही. मी तिथे हॉटेलच्या कपाटांची दारं बसवली. पण कुणीतरी बसवलंच ना ते? माझ्यासारख्याच कुणीतरी. चांगलं बसवलं, पक्कं बसवलं, घरी जाऊन जेवला. मी तसली किती बसवलीत ते आठवत बसलो, अगं. बोटं पुरेनात.'

'मग मला का नाही सांगितलं?'

'तू ती किल्ली देवापुढे ठेवतेस. देवापुढची वस्तू मी कशी मागू?'

इथे मी चिडले. खरं तेच लिहिते. म्हटलं, माझ्या हॉलची तुलना त्या नाट्यगृहाशी करता? तिथे किल्ली कुठे होती कुणाला ठाऊक नव्हतं. इथे माझ्या कमरेला आहे. मी रोज तिथे असते. काही झालंच तर दोन मिनिटांत दार उघडीन. आणि कुलूप काढलं आणि उद्या पंखे गेले तर? सहा वर्षं मी राखलंय ते!

'बरं,' म्हणाले. भांडले नाहीत. 'फिरवून बघितलीस का कधी?'

'तिला फिरवायचं काय? बघा कशी लखलखते!'

'बरं,' म्हणाले पुन्हा. आणि जेवायला लागले. असे 'बरं' म्हणणारे नवरे फार वाईट.

उद्या दाखवतेच. कुणी यायच्या आत हॉलवर जाईन, घड्याळ लावीन, दोन मिनिटांत दार उघडून परत येईन आणि सांगेन.

रविवार, ४ फेब्रुवारी

हॉलमध्येच बसून लिहितेय.

दारापुढच्या सतरंज्या हटवायलाच पाच मिनिटं गेली. किल्ली घातली. फिरेना. दोन्ही हातांनी, रुमाल गुंडाळून, दाराला पाय लावून — फिरेना. भिंतीच्या ओलीने कुलूप आतून एकजीव झालंय. किती वर्षं झाली असतील, देव जाणे. त्या दिवशी शंभर बायका होत्या. मेणबत्त्या होत्या.

आठला सगळ्याजणी येतील. बाहेर रस्त्यावरच बसवीन.

ह्यांना फोन केला. 'करवत घेऊन या. आणि देवाच्या पडद्याचा दांडा काढून आणा.'